गावचा दवाखाना, अंगणवाडी आणि समाजकल्याण: जिल्हा परिषदेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दोन मुदती ग्रामपंचायत सदस्य होते. त्या काळात आणि नंतरही लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: "ताई, हे कुणाकडे मागायचं?" दवाखान्यात लस संपली, अंगणवाडीचा आहार आला नाही, सासूबाईंची पेन्शन थांबली, अपंग मुलाला सायकल हवी, प्रत्येक वेळी दार वेगळं असतं. चुकीच्या दारात गेलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून रिकाम्या हाताने परत येतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आरोग्य, पोषण आणि समाजकल्याणाच्या कामावर जिल्हा परिषद कशी देखरेख ठेवते, तिचं काय आहे आणि काय नाही, एवढंच इथे सांगते आहे.

जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालय वेगळं आहे का?

हो, पूर्ण वेगळं. जिल्हाधिकारी हे राज्य शासनाचे अधिकारी. महसूल, कायदा-सुव्यवस्था, रेशन, निवडणुका, आपत्ती हे त्यांचं काम. जिल्हा परिषद ही आपण निवडून दिलेल्या माणसांची संस्था आहे आणि तिच्या प्रशासनाचे प्रमुख मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. त्यांना सगळे 'सीईओ साहेब' किंवा 'सीईओ मॅडम' म्हणतात.

राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा काम करू लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, गुरांचे दवाखाने या रोजच्या गरजेच्या गोष्टी तेव्हापासून गावाजवळच्या निवडून आलेल्या संस्थेकडे आल्या. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत आणि आरोग्य व स्वच्छता, कुटुंब कल्याण, महिला व बाल विकास, समाजकल्याण, दुर्बल घटकांचं कल्याण हे सगळे त्यात येतात.

मुंबई शहर आणि मुंबई उपनगर सोडून ३४ जिल्ह्यांना जिल्हा परिषद आहे. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत तिचा कारभार चालत नाही.

आमच्या गावचा दवाखाना जिल्हा परिषदेचाच असतो का?

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर हो. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय असेल तर नाही, ते थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतं. हा फरक पाठ करून ठेवावा, कारण अर्ध्या तक्रारी इथेच वाट चुकतात. प्राथमिक आरोग्य केंद्राचे साहेब म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे डीएचओ. ते जिल्हा परिषदेत बसतात. ग्रामीण रुग्णालयाचे साहेब म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. ते जिल्हा रुग्णालयात बसतात. डीएचओंकडे ग्रामीण रुग्णालयाची तक्रार नेली तर ते फार तर पुढे पाठवतील.

ठरलेल्या निकषाप्रमाणे सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. आदिवासी आणि डोंगरी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. डोंगरात मात्र आकड्यापेक्षा अंतर जास्त बोलतं. ३,००० माणसं जर सहा पाड्यांवर आणि मध्ये नाला ओलांडून राहत असतील, तर उपकेंद्र कागदावर जवळ आणि पावसाळ्यात फार लांब असतं.

एकाच आरोग्य केंद्रात कुणी म्हणतं मी झेडपीची, कुणी म्हणतं मी राज्याचा, कुणी म्हणतं मी कंत्राटी. असं का?

कारण ते खरं आहे, आणि देखरेखीची सगळ्यात मोठी अडचणही तीच आहे.

वैद्यकीय अधिकाऱ्यांची नेमणूक आणि बदली राज्य शासनाकडून होते. आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून अनेक परिचारिका, तंत्रज्ञ आणि नंतर उपकेंद्रात आलेले समुदाय आरोग्य अधिकारी अभियानाच्या कंत्राटावर आहेत. आशाताई या तिन्हींपैकी कशातच नाहीत, त्यांना कामाप्रमाणे मोबदला मिळतो. छप्पर जिल्हा परिषदेचं, औषध काही राज्याकडून आणि काही जिल्ह्यातून, पगार तीन ठिकाणांहून. त्यामुळे सर्वसाधारण सभेत सदस्याने "तिथे डॉक्टर का नाही?" असं विचारलं की डीएचओ प्रामाणिकपणे सांगतात, "पद रिक्त आहे, शासनाला कळवलं आहे." उत्तर खरं असतं, पण डॉक्टर त्याने येत नाही.

म्हणून तक्रार लिहिताना आधी ठरवा: माणूसच नाही, की माणूस आहे पण जागेवर नाही? पद रिकामं असेल तर ठराव जिल्हा परिषदेमार्फत शासनाकडे जायला हवा आणि आमदारांपर्यंतही पोचायला हवा. माणूस नेमलेला असून मुख्यालयी राहत नसेल, वेळेत येत नसेल, तर तो प्रश्न डीएचओ आणि सीईओंच्या हातातला आहे. तिथे "शासनाला कळवलं" हे उत्तर चालत नाही.

जिल्हा परिषद दवाखान्यावर लक्ष ठेवते म्हणजे नेमकं काय करते?

निवडून आलेल्या सदस्यांच्या विषय समित्या असतात: आरोग्य, समाजकल्याण, महिला व बालकल्याण, शिक्षण, बांधकाम, पाणी अशा. आरोग्य समितीच्या बैठकीत औषधसाठा, रिक्त पदं, साथीचे आजार, बांधकामं, लसीकरण यांचा आढावा होतो. पूर्ण जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते.

दुसरी देखरेख अधिकाऱ्यांची. आरोग्य केंद्राचा महिन्याचा अहवाल तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला जातो. पर्यवेक्षक भेटी देतात आणि भेटवहीत शेरा लिहितात. ही भेटवही मी पाहिली आहे. आमच्या तालुक्यातल्या एका केंद्रात "स्वच्छता ठेवावी" हा एकच शेरा वेगवेगळ्या सह्यांनी अनेक महिने लिहिलेला होता. शेरा लिहिणं आणि मागच्या शेऱ्याचं काय झालं ते विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम फार कमी होतं.

तिसरी जागा आपली आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. त्या भागातले लोकप्रतिनिधी आणि वैद्यकीय अधिकारी एकत्र बसून केंद्राला मिळालेला निधी कुठे खर्चायचा ते ठरवतात. नळ गळतो, प्रसूती कक्षात पडदा नाही, इन्व्हर्टर बंद आहे, नातेवाइकांना बसायला बाकडं नाही, अशी कामं या पैशातून होतात. आपल्या केंद्राच्या समितीत कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

गावपातळीवर काही समिती असते का?

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. नाव लांब आहे, म्हणून लोकांना ती आठवत नाही. अभियानातून तिला वर्षाला साधारण १०,००० रुपयांचा अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनेच ठरवायचा पैसा, मिळतो. रक्कम लहान आहे, पण तातडीच्या वेळी हाताशी असते: गाडी करून बाळंतिणीला हलवायचं असेल, अंगणवाडीचा वजनकाटा दुरुस्त करायचा असेल, गटारीत फवारणी करायची असेल.

मी या समितीत होते. पहिल्या वर्षी आमच्यातल्या निम्म्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं, सह्या मात्र होत्या. दुसऱ्या वर्षापासून आम्ही आशाताईंच्या वहीवरून बैठक घ्यायला लागलो: या महिन्यात किती गरोदर बायका, कुणाची पाचवी खेप, कुणाचं हिमोग्लोबिन कमी, कोण ऊसतोडीला गेलं आणि कुठल्या बाळाची लस राहिली. त्या वहीने बैठकीला जीव आला.

आशाताईंना कोण नेमतं? त्यांची तक्रार किंवा त्यांच्या बाजूने काही सांगायचं तर कुठे?

राष्ट्रीय निकषाप्रमाणे साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा असते, आदिवासी पाड्यांवर त्याहून कमी वस्तीलाही. ती त्याच गावची असावी आणि निवड ग्रामसभेतून व्हावी असं ठरलेलं आहे. त्यांच्यावर गटप्रवर्तक, मग तालुका आरोग्य अधिकारी.

आशा पगारी नोकर नाही, हे ध्यानात ठेवून वागावं. रात्री दोनला दार वाजवलं की ती येते, ते नोकरीच्या नियमाने येत नाही. मोबदला महिनोन्महिने अडकतो तेव्हा गावाने तिच्या बाजूने ग्रामसभेत ठराव करावा, हे मी आग्रहाने सांगते. जिच्या वहीवर सगळी यंत्रणा उभी आहे, तिचाच मोबदला अडकला तर वरच्या कुठल्याही देखरेखीला खालून माहिती येणार नाही.

सरकारी दवाखान्यात पैसे मागितले तर?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. बाळंतपणाचं तर २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात स्पष्ट आहे: प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून दवाखान्यात आणि परत घरी नेणारी गाडी, सगळं विनामूल्य. आजारी तान्ह्या बाळालाही हाच हक्क आहे. बाळंतीण आणि बाळ यांच्यासाठीची गाडी १०२ वर, अपघात, सर्पदंश किंवा कुठल्याही तातडीसाठी १०८ वर. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठी जपून ठेवा आणि बिल घ्या. तोंडी तक्रारीपेक्षा ते दोन कागद पुष्कळ काम करतात.

पिण्याच्या पाण्याचा आणि आरोग्य विभागाचा काय संबंध?

फार जवळचा. पाणी देण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची, ते पिण्याजोगं आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेची. आरोग्य सेवक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग बदलला नाही तर टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर पडलेली नाही. नमुने प्रयोगशाळेत जातात.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. हिरवं म्हणजे धोका नाही, पिवळं म्हणजे काही दोष, लाल म्हणजे तीव्र जोखीम. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड आणि साथ नाही, अशा गावाला चंदेरी कार्ड मिळतं. तुमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कुठलं कार्ड लावलंय ते आजच पाहा. नसेल तर ग्रामसेवकांना विचारा (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). लाल कार्ड मिळालेल्या गावात पुढच्या पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली, तर ते ठाऊक असलेलं आणि टाळता आलं असतं असं आजारपण असतं. मला सगळ्यात जास्त राग अशाच आजारपणाचा येतो.

अंगणवाडी कुणाच्या ताब्यात? तिथे माझ्या बाळाला काय मिळायला हवं?

एकात्मिक बाल विकास सेवा योजना केंद्राने २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू केली. पैसा केंद्र आणि राज्याचा, पण ग्रामीण भागात चालवणारी यंत्रणा जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाची. सेविका आणि मदतनीस, त्यांच्यावर पर्यवेक्षिका (जुनी माणसं अजून मुख्यसेविका म्हणतात), मग बाल विकास प्रकल्प अधिकारी, आणि जिल्ह्याला उपमुख्य कार्यकारी अधिकारी.

सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला, गरोदर आणि स्तनदा मातेला पूरक आहार हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि मातांना घरी नेण्याचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजं जेवण. वर्षाला ३०० दिवस, म्हणजे महिन्याला सरासरी २५. जात, रेशनकार्डाचा रंग, जन्मगाव यावरून कुणाला नाकारता येत नाही. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाच्या मुलालाही तिथल्या अंगणवाडीने घ्यायचं असतं. आहारासोबत वजन-उंची, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण आणि गरज पडल्यास पुढे दवाखान्यात पाठवणं, ही सगळी तिचीच कामं.

मूल कुपोषित आहे हे कसं ठरतं, आणि मग जिल्हा परिषद काय करते?

सेविका दर महिन्याला वजन आणि उंची मोजते, दंडाला पट्टी लावते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित धरतात. त्याला सॅम म्हणतात, त्याच्या आधीच्या पायरीला मॅम. सॅम मूल आजारी नसेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे बहुधा अंगणवाडीतच, दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खायला घालून त्याच्यावर लक्ष ठेवतात. ताप, सूज, न जेवणं अशी लक्षणं असतील तर ते मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला हवं.

इथे एक गाठ आहे. अंगणवाडी महिला व बालकल्याण विभागाची, डॉक्टर आरोग्य विभागाचा, पुनर्वसन केंद्र बहुतेक वेळा राज्याच्या रुग्णालयात. मूल एकच असतं, पण वह्या तीन असतात. दोन विभागांचे आकडे जुळत नाहीत, हे तक्रारीत नेमकं दाखवता आलं तर सीईओंच्या आढाव्यात त्याची दखल घ्यावीच लागते, कारण दोन्ही विभाग त्यांच्याच हाताखाली आहेत.

आणि आईबद्दल एक शब्द. मूल दाखल करायचं म्हणजे तिला पंधरा दिवस तिथे राहावं लागतं. घरी दुसरं तान्हं, शेतात काम, नवऱ्याचा नकार. "आई ऐकत नाही" असं अहवालात लिहिणं सोपं असतं. त्या काळातली बुडणारी मजुरी भरून देण्याची तरतूद आहे. ती तिला दाखल होण्याआधीच सांगायला हवी.

आदिवासी भागात काही वेगळी व्यवस्था आहे का?

आहे, आणि ती दुःखातून आलेली आहे. मेळघाटातले बालमृत्यू नव्वदच्या दशकात राज्यभर गाजले आणि १९९५ पासून नवसंजीवनी योजना आली: पावसाळ्यात तुटणाऱ्या पाड्यांवर आधीच धान्य आणि औषधं पोचवणं, भरारी पथकं, पाडा स्वयंसेवक, दाई बैठका. २०१५ मध्ये डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार, आणि मुलांना अंडी किंवा केळी.

पालघर, नंदुरबार, गडचिरोली, अमरावतीसारख्या एकूण १३ जिल्ह्यांत पेसा, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, लागू आहे. तिथे ग्रामसभेचे अधिकार अधिक आहेत आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो. आश्रमशाळा मात्र जिल्हा परिषदेच्या नाहीत, त्या आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे.

'महिला व बालविकास' आणि 'समाजकल्याण' नावाची दोन-दोन कार्यालयं का आहेत?

एक राज्याचं, एक जिल्हा परिषदेचं. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी राज्याचे: बालगृहं, अनाथ मुलं, बाल संरक्षण हे त्यांच्याकडे. अंगणवाडी आणि महिलांसाठीच्या सेसच्या (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या) योजना जिल्हा परिषदेकडे. तसंच सहायक आयुक्त, समाजकल्याण हे राज्याचे, शासकीय वसतिगृहं त्यांची. जिल्हा समाजकल्याण अधिकारी जिल्हा परिषदेचे, आणि स्वयंसेवी संस्थांची अनुदानित वसतिगृहं, सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती, आंतरजातीय विवाहाचं ५०,००० रुपयांचं अर्थसाहाय्य, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांमधले रस्ते-गटार-दिवे हे त्यांच्याकडे.

गावात बालविवाह ठरत असेल तर मात्र कार्यालय शोधत बसू नका. १०९८ ला फोन करा. ग्रामीण भागात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते.

आईची निराधार पेन्शन जिल्हा परिषदेतून का मिळत नाही?

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजना तहसील कार्यालयाच्या. रेशनकार्डही तहसीलचंच. जिल्हा परिषदेत कितीही खेटे घातले तरी तिथे ही फाइल नसते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातून मिळतं, आणि ते हातात आल्यावर जिल्हा परिषदेच्या व ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीतून लाभ मागता येतो.

जिल्हा परिषदेकडे या कामांसाठी पैसा येतो कुठून?

बहुतेक पैसा राज्य आणि केंद्राकडून ठरलेल्या कामासाठी येतो, पगारही त्यातच. जिल्हा नियोजन समितीकडून बांधकाम, औषधं, यंत्रसामग्री यासाठी निधी मिळतो. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा महाराष्ट्रात २०२१ ते २०२६ या काळासाठी ८० टक्के ग्रामपंचायती, १० टक्के पंचायत समित्या, १० टक्के जिल्हा परिषदा असा वाटला गेला.

स्वतःचं उत्पन्न थोडं, त्याला सगळे 'सेस' म्हणतात. पण त्यावर बंधन आहे: २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातून अनुक्रमे १५, १० आणि ५ टक्के. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकल या योजना इथूनच येतात.

या योजनांचं एक मला सतत खुपतं. डिसेंबर २०१६ च्या निर्णयानंतर वस्तू वाटण्याऐवजी लाभार्थीने आधी खरेदी करायची आणि पावती दाखवल्यावर पैसे खात्यात, अशी पद्धत आली. ठेकेदारी थांबावी हा हेतू चांगला. पण जिच्याकडे मशीन घ्यायला आधी पैसे नाहीत, तिच्यासाठीच तर योजना होती. आमच्याकडे बचतगटाने अशा बायकांना आधी उसनी रक्कम दिली आणि मग त्यांचे अर्ज मार्गी लागले. जिथे गट चांगला चालतो तिथे हे करून बघा.

निवडणूक झालेली नसेल, सदस्यच नसतील, तेव्हा कोण बघतं?

२०२२ मध्ये अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला. मधल्या वर्षांत सीईओच प्रशासक होते. म्हणजे निर्णय घेणारा आणि त्या निर्णयाची झडती घेणारा एकच. काही अधिकाऱ्यांनी त्या काळात उत्तम कामं केली, हे मी पाहिलं आहे. तरीही आरोग्य समितीत उभं राहून "माझ्या गटातल्या तीन उपकेंद्रांना कुलूप का?" असं विचारणारी बाई तिथे नव्हती. कागदावर ही पोकळी दिसत नाही, गावात दिसते.

जिल्हा परिषदेवर कोण लक्ष ठेवतं?

विभागीय आयुक्त, स्थानिक निधी लेखा परीक्षा, आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती, जी जिल्ह्यात येऊन लेखा आक्षेपांवर अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते. शिवाय महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख हा प्रयोग झाला. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत तो सुरू झाला. गावकऱ्यांनी स्वतः आरोग्य सेवेची गुणपत्रिका भरली, चांगल्याला हिरवा, वाईटाला लाल रंग दिला, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली. पुण्याच्या साथी संस्थेने त्याचं समन्वयन केलं. कमी शिकलेल्या बायका तक्ता हातात घेऊन डॉक्टरांशी बोलतात, हे दृश्य मी अजून विसरले नाही. ती गुणपत्रिका कुठलंही गाव स्वतःहून आजही भरू शकतं, त्यासाठी योजनेची गरज नाही.

गोव्यातही असंच आहे का?

नाही. गोव्यात उत्तर आणि दक्षिण अशा दोन जिल्हा पंचायती आहेत, पण आरोग्य केंद्रं थेट राज्याच्या आरोग्य संचालनालयाकडे. तिथे प्रश्न आमदारांकडे किंवा संचालनालयाकडे न्यावा.

तक्रार कशी करू, म्हणजे ती फाइलीत पडून राहणार नाही?

एका अर्जात एकच विषय. तारीख, वेळ, ठिकाण आणि काय घडलं. "नेहमी डॉक्टर नसतात" असं लिहू नका, "अमुक तारखेला सकाळी १० ते १२ वैद्यकीय अधिकारी हजर नव्हते, सर्पदंशाच्या रुग्णाला पुढे पाठवलं" असं लिहा. आधी वैद्यकीय अधिकारी किंवा बाल विकास प्रकल्प अधिकारी, मग तालुका, मग डीएचओ किंवा उपमुख्य कार्यकारी अधिकारी, मग सीईओ. प्रत्येक वेळी दुसऱ्या प्रतीवर पोच आणि शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकारात विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, फाइल आज कुणाच्या टेबलावर आहे? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते १० रुपयेही नाहीत. जिल्ह्याचा लोकशाही दिन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

नाव लिहायला भीती वाटत असेल, आणि गावात ती वाटते, तर पाच-सहा जणींनी मिळून सही करा.

ग्रामसभेत नेमकं काय विचारू? उभं राहिलं की सुचत नाही.

कागदावर लिहून न्या. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, त्यातल्या एकीत तरी हे विचारा: गेल्या वर्षी गावच्या आरोग्य समितीच्या खात्यात किती आले आणि कशावर खर्च झाले? आज गावात सॅम मुलं किती आणि ती कुठे आहेत? या महिन्यात आहार किती दिवस मिळाला? पाण्याचं कार्ड कुठल्या रंगाचं? दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून कुणाला काय मिळालं, त्यांची यादी वाचून दाखवाल का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि सही करण्याआधी ते पान वाचा. आमच्याकडे पहिल्यांदा एका आजीबाईंनी आहाराचा प्रश्न विचारला तेव्हा सभेत हसू उठलं होतं. पुढच्या महिन्यात आहाराची गाडी एक तारखेला आली.